वाचकांचे प्रश्न : पिवळ्या रंगाआडचा केशरी फिंच

दक्षिण अमेरिकेच्या मोकळ्या माळांवर आणि गावकुसांवर दिसणाऱ्या एका छोट्या पिवळ्या गायक पक्ष्याविषयी, म्हणजेच केशरी फिंचविषयी, वाचकांकडून आलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे. सुमारे चौदा सेंटिमीटर लांबीचा आणि जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा हा पक्षी आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे अंग हळदीसारखे पिवळे आणि कपाळ व डोक्याचा पुढचा भाग नारिंगी असतो. जवळजवळ प्रत्येक पत्राची सुरुवात त्याच्या रंगापासून झाली आहे आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र या पक्ष्याच्या बाबतीत केवळ रंगावर विसंबून काढलेले बरेचसे निष्कर्ष चुकतात. त्यामुळे पुढील उत्तरांत मला अनेकदा वाचकांची नजर रंगावरून हटवून त्याच्या चोचीकडे, घरट्याकडे आणि वागण्याकडे वळवावी लागली आहे.

प्रश्न : ब्राझीलमध्ये या पक्ष्याला कॅनरीच म्हणतात असे वाचले. मग पिंजऱ्यात पाळली जाणारी पिवळी कॅनरी आणि हा पक्षी एकच का? नसल्यास याला फिंच म्हणणे तरी बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही नावे लोकांनी रंग आणि चोच पाहून दिलेली आहेत, आणि वंशाच्या दृष्टीने दोन्ही चुकीची आहेत.

पाळीव कॅनरीचा मूळ पूर्वज अटलांटिक महासागरातील असोरेस, मदेइरा आणि कॅनरी या द्वीपसमूहांवर राहणारा रानपक्षी आहे. तो खऱ्या फिंचांच्या कुळातला आहे. पोर्तुगीज वसाहतवाले ब्राझीलमध्ये आले, तेव्हा त्यांना तिथे एक पिवळा, गाणारा, दाणे खाणारा पक्षी दिसला आणि ओळखीचे नाव त्यांनी त्याला दिले. फरक दाखवण्यासाठी जुन्या जगातून आणलेल्या पक्ष्याला ‘कनारिओ दो रेनो’, म्हणजे राज्यातली कॅनरी, म्हटले जाऊ लागले. हे राज्य म्हणजे अर्थातच पोर्तुगाल. स्थानिक पक्षी ‘कनारिओ दा तेर्रा’, म्हणजे इथल्या भूमीची कॅनरी, ठरला. ही नावे ब्राझीलमध्ये आजही वापरात आहेत. अर्जेंटिनात याच पक्ष्याला ‘हिल्गेरो दोरादो’ म्हणतात. हिल्गेरो हे मुळात युरोपातील गोल्डफिंच पक्ष्याचे स्पॅनिश नाव आणि दोरादो म्हणजे सोनेरी, म्हणजे तिथेही परदेशातून आलेल्या लोकांनी आपल्या मायदेशातील पक्ष्याचेच नाव याला चिकटवले.

यात एक गोष्ट मला विशेष लक्षात घेण्यासारखी वाटते. रानातली मूळ कॅनरी संपूर्ण पिवळी नसतेच. ती हिरवट पिवळी असते आणि तिच्या पाठीवर गडद रेघा असतात. आपल्या डोळ्यांसमोर येणारी लख्ख पिवळी कॅनरी ही माणसाने अनेक पिढ्या निवडून निवडून केलेल्या पैदाशीचे फळ आहे. केशरी फिंचचा नर मात्र रानातच, कोणाच्याही निवडीविना, तसा पिवळा असतो. म्हणजे ज्या रंगामुळे त्याला कॅनरी म्हटले जाते, तो रंग रानातल्या कॅनरीपेक्षा त्याच्याच अंगावर अधिक पूर्ण आहे.

आता फिंच या शब्दाविषयी. 1766 मध्ये लिनियसने या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याने त्याला फिंचांच्याच प्रजातिगटात ठेवून ‘फ्रिंगिला फ्लाविओला’ असे नाव दिले. फ्लाविओला या लॅटिन शब्दात पिवळेपणाचाच अर्थ आहे. पुढे तो ‘सिकॅलिस’ या गटात गेला आणि आज त्याचे मान्य नाव ‘सिकॅलिस फ्लाविओला’ असे आहे. विसाव्या शतकात दीर्घ काळ त्याला बंटिंग पक्ष्यांच्या कुळात धरले जात असे. डीएनएच्या तुलनेवर आधारलेल्या अभ्यासांनंतर तो टॅनेजर कुळात समाविष्ट झाला. हे कुळ जवळजवळ पूर्णपणे अमेरिका खंडांपुरते मर्यादित आहे आणि त्यात रंगीबेरंगी फळखाऊ पक्ष्यांपासून गालापागोस बेटांवरील प्रसिद्ध डार्विनच्या फिंचांपर्यंत अनेक प्रकारचे पक्षी येतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कुळाच्या विस्तृत वंशवृक्षात सिकॅलिस गट ज्या उपकुळात आला, त्याच उपकुळात फुलाच्या देठाशी आकडेदार चोचीने भोक पाडून मध चोरणारे ‘फ्लॉवरपियर्सर’ पक्षीही आहेत. एकाची चोच दाणे फोडण्यासाठी आखूड आणि भक्कम, दुसऱ्याची फूल भोसकण्यासाठी वाकडी आणि टोकदार, आणि तरीही हे एकमेकांचे जवळचे नातलग आहेत.

दाणे फोडणारी शंकूसारखी चोच पक्ष्यांच्या वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा आणि स्वतंत्रपणे घडलेली आहे. अन्नाची गरज सारखी असली की हत्यारही सारखेच घडत जाते आणि पाहणाऱ्याला नात्याचा भास होतो. केशरी फिंच हे नाव बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण ते रूढ आहे आणि त्याने ओळख पटते. नाव वापरताना ते केवळ नाव आहे, वंशावळ नव्हे, एवढे ध्यानात असले म्हणजे झाले.

प्रश्न : एका चित्रफितीत करड्या, रेघारेघांच्या अंगाचा पक्षी जोरात गाताना दिसला आणि खाली केशरी फिंच असे लिहिले होते. ती मादी होती का? या पक्ष्याच्या माद्याही गातात का?

उत्तर : बहुधा तो तरुण नर असावा. या एका प्रश्नात पक्ष्याच्या आयुष्यातील सर्वांत लक्षवेधी भाग सामावलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम मादीविषयी. केशरी फिंचच्या सर्व माद्या सारख्या दिसत नाहीत. या पक्ष्याच्या चार किंवा पाच उपप्रजाती मानल्या जातात. व्हेनेझुएला, कोलंबिया आणि त्रिनिदाद या उत्तरेकडील प्रदेशांतील उपप्रजातीत मादीही पिवळीच असते, फक्त नरापेक्षा किंचित फिकी. उलट बोलिव्हिया, पॅराग्वाय, उरुग्वाय, ब्राझीलचा आग्नेय भाग आणि उत्तर अर्जेंटिना येथे आढळणाऱ्या ‘पेलझेल्नी’ या उपप्रजातीत मादी करडी-तपकिरी असते, पोटाकडे फिकी आणि अंगभर गडद रेघा असलेली. हा फरक इतका ठळक आहे की दक्षिणेकडील या पक्ष्यांना वेगळी प्रजातीच मानावे असेही मत मांडले गेले आहे. त्यामुळे उत्तरेत नर-मादी ओळखणे कठीण आणि दक्षिणेत सोपे, असे प्रथमदर्शनी वाटते.

दक्षिणेतले ते सोपेपणही फसवे आहे. तेथील तरुण नर आपल्या पहिल्या विणीच्या हंगामात पिवळा झालेला नसतो. तो हुबेहूब मादीसारखा करडा आणि रेघाळलेला दिसतो आणि पुढच्या वर्षी पिसे झडून नवी आल्यावर त्याला प्रौढ पिवळा रंग चढतो. प्रजननाची क्षमता आधी आणि प्रौढ पिसारा नंतर, या प्रकाराला पक्षिशास्त्रात विलंबित पिसारा-परिपक्वता म्हणतात. असा करडा नर गातो, हद्द राखतो, जोडी जमवतो आणि पिल्लांचा बापही होतो. ब्राझीलमधील पक्षी पाळणारे लोक अशा अपरिपक्व रंगाच्या पक्ष्याला ‘पार्दो’, म्हणजे तपकिरी, म्हणतात. त्यांना ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती, हे त्यांच्या शब्दावरूनच दिसते.

मग प्रश्न असा उभा राहतो की पिवळा नर आणि करडा नर यांत मादीच्या दृष्टीने अधिक चांगला कोण. सहज उत्तर ‘पिवळा’ असेच सुचते, कारण झगझगीत रंग म्हणजे उत्तम नर हे समीकरण आपण अनेक पक्ष्यांच्या बाबतीत वाचलेले असते. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयरेस प्रांतात संशोधकांनी झाडांवर लाकडी घरटी-पेट्या लावून या पक्ष्यांच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पिवळ्या प्रौढ नराशी जोडी जमवलेल्या माद्या आणि करड्या तरुण नराशी जोडी जमवलेल्या माद्या यांच्या प्रजननात फरक आढळला नाही. करडा बाप मिळाल्यामुळे मादीचा तोटा होत नव्हता.

एवढे असूनही रंग उशिरा यावा, असे का घडत असेल? याविषयी निरनिराळे विचार मांडले गेले आहेत. करडा तरुण नर शिकारी पक्ष्यांच्या नजरेत कमी भरत असेल, किंवा मादीसारख्या रूपामुळे प्रौढ नरांचा रोष त्याच्यावर कमी होत असेल, किंवा ‘मी अजून नवखा आहे’ हे त्याच्या रूपातून इतरांना कळत असल्याने अनावश्यक भांडणे टळत असतील. यातील एकच कारण सर्व प्रजातींना लागू पडेल असे मला वाटत नाही. तुमच्या चित्रफितीपुरते सांगायचे, तर करडा पक्षी उघड्या फांदीवर बसून तीक्ष्ण, स्पष्ट स्वरांची तीच तीच माळ सतत म्हणत असेल, तर त्याला नर समजणेच अधिक सयुक्तिक ठरेल. येथे पिसांपेक्षा गाण्याची साक्ष अधिक विश्वासाची आहे.

प्रश्न : दक्षिण अमेरिकेचा पक्षी म्हटल्यावर तो ॲमेझॉनच्या जंगलात असणारच ना?

उत्तर : नाही. ॲमेझॉनचे खोरे हीच त्याच्या वस्तीतली मोठी पोकळी आहे. नकाशावर त्याच्या वस्तीचे तुकडे त्या घनदाट जंगलाच्या भोवती पसरलेले दिसतात: उत्तरेला कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना आणि त्रिनिदाद, पश्चिमेला अँडीज पर्वताच्या पलीकडे इक्वेडोर आणि वायव्य पेरूचा कोरडा पट्टा, पूर्वेला ब्राझीलचा कोरडा ईशान्य भाग, आणि दक्षिणेला पार अर्जेंटिनापर्यंतची माळराने. उपप्रजातींची विभागणीही साधारण याच तुकड्यांप्रमाणे आहे. जमिनीवर उतरून गवताचे बी वेचणाऱ्या पक्ष्याला बंद छत्राखालचे अंधारे जंगल उपयोगाचे नसते.

माणसाने जंगल तोडून कुरणे, शेते आणि बागा केल्या, तेथे त्याला जागा मिळाली आहे. कोलंबियातील मेदेयीनसारख्या मोठ्या शहरात तो हिरवळींवर आणि रस्त्यांच्या कडेला सर्रास दिसतो. ही त्याच्यापुरती अनुकूल गोष्ट असली, तरी तो दिसला म्हणजे परिसर निसर्गसंपन्न आहे असा अर्थ कोणी काढू नये. जंगल गेल्याचीही ती खूण असू शकते.

प्रश्न : हा पक्षी मातीच्या भट्टीत घरटे करतो, असे एका प्रवासवर्णनात वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, फक्त ती भट्टी माणसाने बांधलेली नसून दुसऱ्या पक्ष्याने बांधलेली असते.

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘ओर्नेरो’ नावाचा तपकिरी पक्षी राहतो. 1928 पासून तो अर्जेंटिनाचा राष्ट्रीय पक्षी मानला जातो. स्पॅनिश भाषेत ‘ओर्नो’ म्हणजे भट्टी, आणि ओर्नेरो म्हणजे भट्टीवाला. ब्राझीलमध्ये त्याला ‘जुआंव दे बारो’, म्हणजे मातीचा जुआंव, अशा घरगुती नावाने ओळखतात. ओर्नेरोची जोडी ओली माती, गवताच्या काड्या आणि शेण चोचीने आणून फांदीवर, कुंपणाच्या खांबावर किंवा विजेच्या खांबावर घुमटाकार घर रचते. दारातून आत शिरल्यावर एक आडभिंत लागते आणि तिला वळसा घातल्यावर अंड्यांची खोली येते. उन्हात वाळून ही माती इतकी टणक होते की घर अनेक ऋतू टिकते. ओर्नेरो मात्र बहुधा नव्या हंगामासाठी नवे घर बांधतो आणि जुने रिकामे राहते.

त्या रिकाम्या घराची वाट पाहणाऱ्यांत केशरी फिंच असतो. तो स्वतः पोकळी कोरू शकत नाही आणि माती लिंपण्याचे कौशल्यही त्याच्याकडे नाही. पण घरटे झाकलेल्या जागेत असावे, ही त्याची गरज आहे. ओर्नेरोचे जुने घर मिळाल्यास फिंचची मादी आत गवत, मुळे, केस आणि पिसे आणून मऊ वाटी तयार करते. काटक्यांचा मोठा भारा रचून घरटे करणारा ‘लेन्यातेरो’ नावाचा आणखी एक पक्षी तिकडे आहे; त्याची जुनी घरटीही फिंच वापरतो. झाडाची ढोली, बांबूतील भोक, कौलांखालची फट, लाकडी पेटी यांपैकी काहीही त्याला चालते. ब्राझीलमध्ये कुंपणाच्या खांबावर अडकवलेल्या गुराच्या कवटीतही त्याने घरटे केल्याच्या नोंदी आहेत. व्हेनेझुएलात त्याचे लोकप्रिय नाव ‘कनारिओ दे तेहादो’, म्हणजे कौलांवरची कॅनरी, असे आहे. माझ्या मते या पक्ष्याला मिळालेल्या सगळ्या नावांत हे सर्वांत नेमके आहे, कारण त्यात निदान त्याच्या राहण्याची जागा तरी खरी सांगितली आहे.

दक्षिणेत विणीचा हंगाम तेथील वसंत आणि उन्हाळ्यात, म्हणजे ढोबळमानाने ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात असतो. मादी बहुधा तीन ते पाच अंडी घालते. अंडी फिकट रंगाची असून त्यांवर तपकिरी ठिपके दाट असतात. सुमारे दोन आठवडे ती एकटी अंडी उबवते. पिल्ले बाहेर आल्यावर नर आणि मादी दोघेही त्यांना भरवतात आणि आणखी साधारण दोन आठवड्यांनी पिल्ले घरटे सोडतात. एका हंगामात एकाहून अधिक वेळाही वीण होते.

झाकलेले घर असले तरी संकट टळते असे नाही. तकाकीदार काउबर्ड नावाचा पक्षी 200 हून अधिक प्रजातींच्या घरट्यांत गुपचूप आपली अंडी घालतो आणि पिल्ले वाढवण्याचे काम त्या पक्ष्यांवर सोडतो. केशरी फिंचही त्याच्या बळींपैकी एक आहे. त्यातून वाचले तरी जागेची टंचाई असतेच. पोकळीत घरटे करणाऱ्या सर्वच पक्ष्यांची वीण मिळेल त्या जागेवर अवलंबून असते, आणि केशरी फिंचचा नर आपल्या हद्दीसाठी इतका तीव्रपणे का झगडतो, याचे एक कारण मला येथे दिसते. ज्याच्या हाती घर आहे, त्याच्याच हाती तो हंगाम आहे. पुढील एका उत्तरात या तीव्रतेचा माणसाने कसा गैरवापर केला ते आले आहे.

प्रश्न : त्याला पिवळा रंग कशातून मिळतो? आहार बदलला तर रंग बदलेल का?

उत्तर : पक्ष्यांच्या पिसांतील असा पिवळा आणि नारिंगी रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो. कोणताही पक्षी ही द्रव्ये मुळापासून स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही. ती वनस्पतींत तयार होतात आणि बिया, कोवळे अंकुर, किंवा वनस्पती खाणारे कीटक यांच्यातून पक्ष्याच्या शरीरात येतात. शरीर त्यांत काही रासायनिक बदल करते आणि पीस वाढत असताना ती त्यात साठवली जातात. पीस पूर्ण वाढले की ते निर्जीव असते. त्यामुळे आज चांगला आहार दिला म्हणून उद्या रंग उजळत नाही. पुढच्या पिसे झडण्याच्या काळापर्यंत थांबावे लागते. पिंजऱ्यातील निकृष्ट दाण्यांवर वाढलेला पक्षी फिका पडण्यामागे हेच कारण असते.

रानात तो मुख्यतः जमिनीवर फिरून गवताचे आणि तणांचे बी वेचतो, आणि जोडीला कीटकही खातो. वीण संपल्यावर हे पक्षी थवे करून चरतात आणि त्या वेळी हद्दीची भांडणे बरीच थंडावलेली असतात.

प्रश्न : हवाई बेटांवर हा पक्षी कसा पोहोचला?

उत्तर : माणसाने नेला म्हणून. हवाईमध्ये तो 1960 च्या दशकात पिंजऱ्यातील पक्षी सोडले गेल्याने स्थिरावला आणि आज हवाई बेटाच्या कोरड्या कोना किनाऱ्यावर तो सहज दिसतो. जमैका आणि पोर्तो रिको येथेही तो असाच बाहेरून आलेला आहे.

प्रश्न : या पक्ष्यांच्या झुंजी लावल्या जातात, हे वाचून धक्का बसला. एवढासा गाणारा पक्षी झुंजतो कसा? आणि कायदा याविषयी काय सांगतो?

उत्तर : धक्का बसणे योग्यच आहे. या झुंजींविषयी लिहिताना मलाही संताप आवरावा लागतो.

रानात दोन नरांचा वाद बहुतांशी गाण्यावर आणि पाठलागावर मिटतो. हद्दीचा मालक उंच जागी बसून गातो, आगंतुक ऐकतो आणि बहुधा निघून जातो. प्रसंगी चोच आणि नख्यांची झटापट होते, पण हरणाऱ्यापाशी नेहमी एक वाट असते, ती म्हणजे उडून जाण्याची. मोकळे आकाश हेच या भांडणाला आवर घालते. झुंजी लावणारे लोक नेमके तेच काढून घेतात. दोन नरांना पिंजऱ्यात समोरासमोर आणले जाते आणि त्यांना चिथावण्यासाठी मादीचा उपयोग केला जातो. पळण्याची वाट नसल्याने लढा डोळे फुटेपर्यंत, कधी मरेपर्यंत चालतो आणि बाहेर माणसे पैसे लावतात. पक्षी क्रूर आहे म्हणून हे घडते, असे कोणी म्हणू नये. घरट्याची जागा राखण्याची त्याची उपजत ओढ माणसाने बंद खोक्यात कोंडलेली असते.

ब्राझीलमध्ये ही प्रथा दीर्घकाळ चालत आलेली आहे, पण ती तेवढ्यापुरती राहिलेली नाही. जुलै 2009 मध्ये अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील शेल्टन गावी पोलिसांनी एका घरावर छापा घातला. तेव्हा सुमारे दीडशे पक्षी ताब्यात घेतले गेले आणि 19 जणांना अटक झाली; त्या पक्ष्यांत बहुसंख्य केशरी फिंच होते. झुंजीसाठी मोठ्या आकाराच्या पक्ष्यांना मागणी असल्यामुळे पश्चिम इक्वेडोर आणि पेरूकडील ‘व्हॅलिडा’ ही तुलनेने दणकट उपप्रजाती चोरट्या मार्गाने ब्राझीलमध्ये आणली जाते.

ब्राझीलचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. 3 जानेवारी 1967 च्या कायद्याने सर्व रानटी प्राणी ही राज्याची मालमत्ता ठरवली आणि त्यांची पकड, शिकार व खरेदी-विक्री यांवर बंदी आणली. 12 फेब्रुवारी 1998 च्या पर्यावरणीय गुन्ह्यांच्या कायद्याने परवान्याविना रानपक्षी पकडणे, विकणे किंवा बाळगणे यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद आणि दंड ठेवला. प्राण्याला क्रूरपणे वागवणे हा त्याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. पिंजऱ्यातच जन्मलेले पक्षी नोंदणी करून पाळण्याची मुभा मात्र आहे. अशा पिल्लाच्या पायात जन्मानंतर काही दिवसांतच अखंड धातूचे कडे घालतात. पाय वाढल्यावर तसे कडे चढवता येत नाही, म्हणून ते त्याच्या बंदिस्त जन्माचा पुरावा मानले जाते. मोठ्या पक्ष्याच्या पायात बसावे म्हणून कडी रुंद करण्याचे प्रकारही उघडकीला येतात, आणि त्यामुळे तपासनीस कड्याचे मापही पाहतात.

हा पक्षी जागतिक पातळीवर धोक्यात असलेला मानला जात नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात ठेवले आहे. पण ब्राझीलमध्ये चोरट्या व्यापारातून जप्त होणाऱ्या पक्ष्यांत त्याचा क्रमांक सातत्याने अगदी वरचा असतो. एखादी प्रजाती खंडभर विपुल असूनही एखाद्या जिल्ह्यातून पकडून पकडून नाहीशी होऊ शकते. म्हणून ‘धोक्यात नाही’ या शब्दांनी निश्चिंत होण्यासारखी परिस्थिती नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मग जप्त केलेले पक्षी लगेच रानात सोडून का देत नाहीत? पिंजरा उघडला की झाले, असे वाटते.

उत्तर : ही भावना मला समजते, पण पिंजरा उघडण्यापूर्वी अनेक गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे पक्षी कुठला आहे. वर सांगितल्याप्रमाणे या प्रजातीच्या उपप्रजाती एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या हवामानांत घडलेल्या आहेत. पेरूकडून आणलेला व्हॅलिडा दक्षिण ब्राझीलमध्ये सोडला, तर तो तेथील पक्ष्यांशी जोडी जमवू शकतो आणि हजारो वर्षे वेगळे राहिलेले वंश मिसळून जातात. पिंजऱ्यात पैदास झालेल्या पक्ष्यांत तर निरनिराळ्या उपप्रजातींचे संकर आधीच झालेले असू शकतात. येथेही रंगावर विसंबता येत नाही, कारण एखादा पूर्ण पिवळा नर कोणत्या प्रदेशातला आहे हे ठरवायला मोजमापे आणि पाठीवरील रेघांचे बारकावे तपासावे लागतात, आणि कधी डीएनएचा आधार घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट आरोग्याची. दाटीवाटीने कोंडलेल्या पक्ष्यांत रोग लवकर पसरतात आणि सोडलेला एक आजारी पक्षी रानातल्या थव्याला बाधा देऊ शकतो. म्हणून काही काळ वेगळे ठेवून तपासण्या कराव्या लागतात. तिसरी गोष्ट अशी की बराच काळ पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते, जमिनीवरचे बी शोधण्याची सवय मोडलेली असते आणि माणसाची भीती गेलेली असते. अशा पक्ष्याला मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव द्यावा लागतो. झुंजीतल्या नरांच्या बाबतीत त्यांच्या जखमा आणि डोळे यांचाही विचार करावा लागतो. एका डोळ्याने अधू झालेला पक्षी शिकारी पक्ष्यासमोर टिकण्याची शक्यता कमीच.

हे सर्व पार पडल्यावरही सोडण्याची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. तेथे गवताचे बी हवे, पकडणाऱ्यांचा वावर नको, आणि घरटे करण्याजोग्या पोकळ्या हव्यात. जुन्या ढोल्या आणि ओर्नेरोची रिकामी घरे कमी असतील, तर लाकडी पेट्या लावून ती उणीव भरून काढता येते. अर्जेंटिनातील अभ्यासात फिंचांनी अशा पेट्या स्वीकारल्याचे दिसलेच आहे. त्याच कारणाने या पक्ष्याच्या प्रदेशात घर असलेल्या कोणाला त्याच्यासाठी काही करायचे असेल, तर मी पिंजऱ्याऐवजी अरुंद दाराची एक पेटी झाडाला बांधायला आणि खांबावरचे ओर्नेरोचे जुने मातीचे घर न पाडायला सांगेन. पहिल्या वर्षी त्या दारात करडा, रेघाळलेला पक्षी बसून गाऊ लागला, तर त्याला मादी समजू नका.